माडीच्या फळ्यांवर प्लाय घालताना

सोलापूरच्या जुन्या पेठांत, बाळीवेशीच्या अंगाला म्हणा, उत्तर कसब्यात म्हणा, अजून बऱ्याच घरांना माडी आहे आणि त्या माडीला लाकडी जमीन आहे. खाली तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर सागवानी फळ्या. सोप्यात बसून वर बघितलं की ती तक्तपोशी, आणि जिना चढून वर गेलं की तीच जमीन. पायाखाली करकर, फटींतून खालचा उजेड, कुठं एखादी फळी काठाला उचललेली. अशा खोलीत व्हिनाइल किंवा लॅमिनेट घालायचं मनात आलं की आधी प्लाय अंथरावा लागतो, कारण व्हिनाइल खालची प्रत्येक फट आणि प्रत्येक उंचवटा वर दाखवतं.

आमच्या वाड्यात हे काम मी दोनदा केलं, कारण पहिल्यांदा चुकीचं केलं. सहा एमएमचा प्लाय आणला, फळ्यांवर पसरला, दीड इंची खिळ्यांनी ठोकला आणि त्याच आठवड्यात वर व्हिनाइल चिकटवून मोकळा झालो. पहिल्या उन्हाळ्यात व्हिनाइलवर रेघा उमटल्या, नऊ-नऊ इंचांवर, वहीला समास आखावा तशा. पावसाळ्यात खिळ्यांची डोकी वर आली आणि करकर पूर्वीपेक्षा वाढली. मग ज्या म्हाताऱ्या सुतारांना बोलावलं ते खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाले, “मालक, बाज ढिली हाय. गादी बदलून काय होणार?”

या कामात प्लाय बसवायला एक दिवस पुरतो. त्याच्याखालच्या फळ्या घट्ट आणि सपाट करायला तीन-चार दिवस जातात, आणि जायलाच हवेत. म्हणून पुढं फळ्यांबद्दल जास्त लिहिलंय.

आधी जमीन कोणती आहे ते बघा

वाड्यांत वरची जमीन दोन प्रकारची असते. एक नुसत्या फळ्यांची. दुसरी माळवदासारखी: कड्यांवर फळ्या किंवा किलचन (लाकडाचे बारीक तुकडे), त्यावर पांढऱ्या मातीचा थर आणि वरून सारवण, किंवा पुढं कधीतरी त्यावर घातलेला कोबा. हा लेख पहिल्या प्रकारासाठी आहे. मातीच्या थरावर प्लाय धरत नाही, स्क्रूला धरायला काही नसतं. माती काढून फळ्या उघड्या करायच्या तर ते वेगळंच काम आहे, आणि तेव्हा घरात एखादा जाणता मिस्त्री किंवा इंजिनिअर हजर असलेला बरा.

“प्लाय कशाला, वरच्या खोलीतही शहाबादी घाल की” असा सल्ला देणारं कुणी ना कुणी घरात असतंच. शहाबाद आपल्या शेजारी, कलबुर्गी जिल्ह्यात, त्यामुळं ती फरशी आपल्या हाडीमाशी खिळलेली. पण हिशेब करा. एक इंच जाडीच्या फरशीचं वजन चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास, खालचा मसाला धरला तर दहाच्या वर. बारा एमएमचा प्लाय चौरस फुटाला पाऊण किलोच्या आसपास भरतो. शंभर वर्षांच्या कड्यांवर एका खोलीत हजारभर किलो चढवायचं की शंभर, ते तुम्हीच ठरवा. टाइल्सचंही तसंच. शिवाय टाइल्सना लवणारी जमीन अजिबात चालत नाही. लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त लवता कामा नये असा इंजिनिअर लोकांचा दंडक आहे; म्हणजे दहा फुटी कडी भाराखाली आठेक मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. जुन्या कड्यांकडून एवढी अपेक्षा धरू नये.

खालून तपासणी

काम वरचं असलं तरी सुरुवात खालच्या खोलीतून करा. शिडी, टॉर्च आणि टोच्या घ्या. टोच्या नसेल तर जुना स्क्रू ड्रायव्हर चालतो.

प्रत्येक कडीचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं टोचून बघा. कडी कुजते ती बहुतेक तिथंच, कारण मातीच्या जाड भिंतीतली ओल तिथं लाकडाला लागते आणि वारा लागत नाही. टोच्या दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड ठीक. बोटभर आत गेला, लाकूड विटकरीच्या चुऱ्यासारखं सुटलं, तर काम तिथंच थांबवा आणि आधी ती कडी दुरुस्त करा. मोरीच्या बाजूची भिंत आणि जिथं पन्हळ गळतं ती बाजू जास्त वेळ घेऊन बघा.

वाळवी आणि भुंगेरा यांतला फरक ओळखता आला पाहिजे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून कडीपर्यंत गेलेल्या दिसल्या तर वाळवी. लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगेरा. भुसा पांढरट आणि ताजा असेल तर किडा अजून आत आहे. दोन्ही बाबतीत औषध मारून घेतल्याशिवाय प्लाय आणू नका. वरून झाकलं की पुढची दहा वर्षं आत काय चाललंय ते दिसत नाही.

आता पंखा. खालच्या खोलीतला पंखा पुष्कळ वाड्यांत कडीतून किंवा फळीतून आरपार गेलेल्या बोल्टवर टांगलेला असतो आणि त्याचा नट वरच्या जमिनीत असतो. तो कुठं आहे त्याची खूण करून ठेवा. प्लायला तिथं भोक पाडावं लागेल, आणि पुढं कधी पंखा बदलायचा झाला तर तिथं हात पोचला पाहिजे. फळ्यांना खालून ठोकलेल्या वायरिंगच्या पट्ट्याही कुठून जातात ते कागदावर काढून घ्या.

एक घरगुती परीक्षा आहे. वरच्या खोलीच्या मध्यभागी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवा आणि एका माणसाला शेजारून नेहमीच्या चालीनं जायला सांगा. पाणी नुसतं थरथरलं तर हरकत नाही. सांडलं तर कड्या जास्त लवतात किंवा फळ्या सुटल्यात, आणि नुसत्या प्लायनं ते थांबणार नाही.

कधी करायचं

लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. नऊ इंची सागवानी फळी सोलापूरच्या मे महिन्यातून सप्टेंबरात जाताना एक-दोन मिलिमीटर सहज हलते. आपल्याकडं उन्हाळा चाळिशीच्या पुढचा आणि कोरडा, आणि पावसाचा जोर सप्टेंबरात. म्हणजे वर्षभरात फळ्यांची ही ओढाताण चालूच असते. म्हणून काम दिवाळी झाल्यावर घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात मात्र माणसं मिळत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

मे महिन्यात फटी सर्वांत रुंद दिसतात आणि त्या भरून टाकाव्यात असा मोह होतो. भरू नका. भरलेली फट पावसाळ्यात फळीला फुगायला जागा देत नाही, आणि मग फळी मधोमध वर येते. प्लायखाली फट राहिली तर काही बिघडत नाही.

फळ्या बसवणं

इथं घाई करायची नाही.

पहिलं काम खाली झाकण्याचं. खालच्या खोलीतलं सामान हलवा आणि जे हलणार नाही त्यावर ताडपत्री टाका. फळ्यांच्या फटींत पिढ्यान्‌पिढ्यांची धूळ बसलेली असते आणि पहिल्या हातोडीला ती खाली येते. मी हे केलं नव्हतं. खाली काकूंनी नुकतीच कांडलेली शेंगाचटणी परातीत उघडी होती. “काय करूलालास रे वर? सगळी चटणी मातीत गेली!” एवढं ऐकू आलं, आणि त्या दिवशीचं काम तिथंच संपलं.

मग खोली झाडून, फटी बारीक पट्टीनं उकरून, कड्यांच्या रेघा वर आखून घ्या. कडी कुठं आहे ते जुन्या खिळ्यांच्या ओळीवरून कळतं. खडूनं आखलेली रेघ पुसली जाते. सुताराची जाड पेन्सिल वापरा, आणि कड्यांच्या जागा भिंतीवरही खूण करून ठेवा, कारण प्लाय पडल्यावर खालच्या रेघा दिसणार नाहीत.

जुने खिळे चौकोनी, घडीव असतात. ते अंबूरनं उपटायला जाऊ नका. निघत नाहीत, आणि निघाले तर फळीचा तुकडा घेऊन निघतात. डोकं वर आलं असेल तर पंच लावून फळीच्या पृष्ठभागाखाली दोन मिलिमीटर घाला. रंधा मारण्याआधी हे केलंच पाहिजे, नाहीतर रंध्याच्या पात्याला खाच पडलीच म्हणून समजा.

आता प्रत्येक फळी प्रत्येक कडीवर नव्यानं आवळायची. जुना खिळा धरून ठेवतो असं वाटतं, पण त्याच्याभोवतीचं भोक वर्षानुवर्षं मोठं होत गेलेलं असतं, आणि करकर येते ती त्या सैल खिळ्यावर फळी वर-खाली सरकते म्हणून. फळी एक इंच जाड असेल तर आठ नंबरचे, पासष्ट एमएम लांबीचे स्क्रू घ्या. फळीच्या दोन्ही काठांपासून इंच-दीड इंच आत, एका कडीवर दोन. जुना साग वाळून दगड झालेला असतो. आधी तीन एमएमचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर डोकं तुटतं किंवा फळी चिरते. स्क्रू घालताना त्याच्या टोकाला साबण लावा. जुने सुतार मेणाचा गोळा खिशात ठेवायचे, त्याचा उपयोग हाच.

आवळत जाताना एक माणूस फळीवर उभा राहिला पाहिजे. फळी आणि कडी यांच्यात पोकळी असेल तर स्क्रू फळीला खाली ओढतो खरा, पण पोकळी मोठी असेल तर फळी तिथं वाकते. अशा जागी स्क्रूच्या आधी खालून पातळ लाकडी पाचर सरकवा. जोरात ठोकू नका. पाचर पोकळी भरते, फळी उचलत नाही, इतपतच.

कुजलेली फळी काढून टाका आणि तेवढ्याच जाडीची दुसरी घाला. जुने वाडे पाडल्यावर निघालेला साग लाकडाच्या वखारीत मिळतो, तो इथं उत्तम, कारण त्याचं आकसणं कधीच संपलेलं असतं. नवी ओली फळी घातली तर ती पुढं आकसून खड्डा करेल. जाडी कमी पडली तर कडीवर पॅकिंग द्या.

सगळ्या फळ्या आवळून झाल्या की गवंड्याची सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरकी फिरवा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर ती जागा दुरुस्त करायची. उंचवटा असेल तर रंध्यानं उतरवा. बहुतेक वेळा फळीचे दोन्ही काठ उचललेले असतात आणि मध्य खोलगट, त्यामुळं काठच तासावे लागतात. खड्डा असेल तर प्लायच्या पातळ पट्ट्यांचं पॅकिंग करा. सिमेंटसारखं ओतायचं काही वापरू नका, ते फटींतून थेट खालच्या खोलीत जातं.

जमीन सपाट हवी, पातळीत नसली तरी चालेल. आमची खोली एका कोपऱ्याकडं पाऊण इंच उतरते आणि तशीच आहे. वाड्याची जमीन पाण्याच्या नळीनं पातळीत आणायला गेलात तर घर संपेपर्यंत काम संपणार नाही.

आता चालून बघा. अनवाणी, सगळ्या खोलीभर, टाच टेकवून. जिथं करकर येईल तिथं पेन्सिलीनं फुली मारा आणि अजून एक स्क्रू द्या. प्लाय पडल्यावर ही संधी मिळत नाही.

प्लाय कोणता, किती

फळ्या चार इंचांपेक्षा अरुंद आणि सपाट असतील तर सहा एमएमचा प्लाय पुरतो. वाड्यांतल्या फळ्या आठ-दहा इंची असतात, आणि रुंद फळी जास्त वाकते. तिथं नऊ एमएमच्या खाली जाऊ नये. मी बारा सांगेन. अठराचा घेऊ नका. वजन आणि उंची दोन्ही विनाकारण वाढतात.

दर्जा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, घ्या. दुकानात ज्याला नुसतं कमर्शियल म्हणतात तो एमआर दर्जाचा (नुसत्या दमटपणाला टिकणारा) असतो, कोरड्या खोलीत तो चालूनही जाईल, पण आपल्याकडं जमीन पुसतात ती पाणी ओतून. या दोन्हींचं मानक आयएस ३०३. मरीन प्लायचं आयएस ७१०. तो इथं गरजेपेक्षा जास्त आहे. आयएसआयच्या शिक्क्याबरोबर मानकाचा नंबर छापलेला असतो, तो वाचा. मग ताव उभा करून चारी कडा बघा: थरांच्या मध्ये पोकळ्या दिसल्या तर परत ठेवा. जमिनीत अशा पोकळीवर कपाटाचा पाय आला की वरचा थर खचतो. बोटांनी टकटक करत तावभर फिरा. आवाज कुठं बदलला तर आत पोकळ आहे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतात, पण ओल लागली की पावासारखे फुगतात. नकोच.

ताव आठ बाय चारचा, म्हणजे बत्तीस चौरस फूट. आमची खोली दहा फूट बाय साडेअकरा. क्षेत्रफळानं साडेतीनपेक्षा थोडे जास्त ताव लागतात असं उत्तर येतं, पण क्षेत्रफळावर विसंबू नका, कागदावर मांडणी करा. फळ्या साडेअकरा फुटांच्या बाजूनं धावतात. प्लायची लांब बाजू फळ्यांना आडवी पडली पाहिजे. तशी टाकली की एक ताव दहा-अकरा फळ्यांना एकत्र बांधतो. समांतर टाकली तर तावाची आठ फुटी कड एखाद्या फटीलगत येते आणि ती रेघ वर दिसायला लागते. म्हणून ताव दहा फुटांच्या बाजूनं: पहिल्या ओळीत आठ अधिक दोन, दुसऱ्या ओळीत दोन अधिक आठ, तिसऱ्यात पुन्हा आठ अधिक दोन. तीन पूर्ण ताव, आणि चौथ्यातून तीन तुकडे. असं केल्यानं दोन ओळींतले सांधे एका रेषेत येत नाहीत आणि चार ताव एका ठिकाणी भेटत नाहीत. तिसरी ओळ चार फुटांऐवजी साडेतीन फुटांची झाली; आमची भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, त्यामुळं एका टोकाला तीन फूट सहा इंच आणि दुसऱ्याला तीन फूट तीन. वाड्याची भिंत गुण्यात असेल असं कधीच धरू नका. शेवटची ओळ प्रत्येक ठिकाणी मापून कापा.

दुकानदार म्हणतो, “चौथा ताव इथंच दोन-दोन फुटांत कापून देतो.” नको म्हणा. का ते पुढं येईल.

आणखी एक गोष्ट दुकानात जायच्या आधी मोजा: जिना. भिंतीतला जिना दोन-सव्वादोन फूट रुंद, वर वळण, आणि माथ्यावर झडप. त्यातून आठ बाय चारचा ताव वळत नाही. आम्ही छोटा हत्ती बोळाच्या तोंडाशी उभा केला, ताव डोक्यावरून आणले आणि सज्जाच्या कठड्यावरून दोरानं वर ओढले. एक ताव वीस-पंचवीस किलोचा, वर दोघं आणि खाली एक पुरतो, पण वारं सुटलं असेल त्या दिवशी ओढू नका. ताव शिडासारखा फिरतो. सज्जा नसेल तर चार बाय चारचे तुकडे करून जिन्यानं न्या. सांधे वाढतील, चालतं.

वर नेल्यावर ताव त्याच खोलीत, मधे पट्ट्या ठेवून, आडवे रचा आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. खोलीतल्या हवेशी त्यांना जुळून घेऊ द्या. खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

बसवण्याचा दिवस

स्क्रूची लांबी हा इथला एकमेव हिशेब आहे. प्लाय बारा, फळी पंचवीस, एकूण सदतीस एमएम. बत्तीस एमएमचा स्क्रू घ्या. अडतीसचा घेतलात तर टोकं खालच्या तक्तपोशीतून बाहेर येतील, आणि जेवायला बसलेला प्रत्येक पाहुणा वर बघून विचारेल. फळी खरोखर किती जाड आहे ते भोकातून तार घालून मोजा, अंदाज नको. जिथं फळी झिजून पाऊण इंचावर आलीय, आणि दाराशी ती हमखास झिजलेली असते, तिथं पंचवीस एमएमचे वापरा.

हे स्क्रू फळीत बसवायचे आहेत, कडीत नाही. कडीवर आपण फळ्या आधीच आवळल्या आहेत. प्लायनं फळ्यांना धरावं एवढंच काम. प्लायचा स्क्रू कडीत गेला तर दोघांची हालचाल एकमेकांना ओढते. म्हणूनच भिंतीवरच्या कड्यांच्या खुणा उपयोगी पडतात: त्या रेषा टाळून स्क्रू घाला.

पहिला ताव भिंतीपासून आठ-दहा मिलिमीटर सोडून ठेवा, चारही बाजूंनी तशीच सोडायची आहे. हे अंतर नंतर स्कर्टिंगखाली झाकतं. ठेवताना तावाचं टोक कुठं येतंय ते बघा. ते नेमकं दोन फळ्यांच्या फटीवर आलं तर तावाचं ते टोक दोन इंच कापा, म्हणजे सांधा फळीच्या मध्यावर येईल आणि दोन्ही तावांचे स्क्रू लाकडात बसतील. मग उरलेला तुकडा दोन फुटांऐवजी दोन फूट दोन इंचांचा लागतो. म्हणून चौथा ताव दुकानात कापायचा नव्हता.

कापताना सज्जात किंवा अंगणात कापा. कटर मशीननं कापत असाल तर तावाची चांगली बाजू खाली ठेवा आणि रेघेवर कागदी टेप लावा, कड उसवत नाही. तोंडाला मास्क हवाच. प्लायच्या धुळीत डिंकाची धूळ असते.

पहिला स्क्रू तावाच्या मध्यावर. तिथून बाहेरच्या बाजूला जायचं. चारी कोपरे आधी ठोकून मग मधे आलात तर मधे फुगा अडकतो आणि तो निघत नाही. ज्या जागी स्क्रू घालताय तिथं गुडघा टेका. कडांना सहा इंचांवर एक, काठापासून अर्धा इंच आत. मधल्या भागात आठ इंचांवर एक. एका तावाला शंभरेक स्क्रू बसतात. एवढे लागतात का, असं सगळेच विचारतात. लागतात. आमच्या खोलीला पाचशेच्या पेटीतले थोडेच उरले. स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली गेलं पाहिजे, पण वरचा थर फाटता कामा नये. मशीनचा जोर पहिल्या पाच स्क्रूंत जुळवून घ्या.

दोन तावांच्या मध्ये हॅक्सॉची दोन पाती एकावर एक धरून घाला, तेवढी, म्हणजे एक-सव्वा मिलिमीटरची फट ठेवा. ताव एकमेकांना टेकवून बसवले तर पावसाळ्यात दोघं मिळून सांध्यावर डोंगर करतात.

डिंक लावायचा का? सुतारांत यावर दोन पक्ष आहेत. मी लावत नाही. नीट आवळलेली फळी डिंकाशिवाय करकरत नाही, आणि सैल फळी डिंक लावूनही करकरते. शिवाय उद्या खालची एखादी फळी बदलायची वेळ आली तर स्क्रू काढून ताव उचलता येतो. डिंक लावला असेल तर सागवानाचा वरचा थरही त्याच्याबरोबर जातो.

शेवटी उरलेल्या गोष्टी

सांधे आणि स्क्रूची डोकी लाकडासाठीच्या पुट्टीनं भरा आणि वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासा. भिंतीची पांढरी पुट्टी इथं भरू नका. चालण्यानं तिचा चुरा होतो आणि तो व्हिनाइलखाली खड्यासारखा जाणवतो. लॅमिनेट घालणार असाल तर डोकी भरायचीही गरज नाही, खाली फोमचा थर येतोच. व्हिनाइल चिकटवण्याआधी झाडून घ्या, मग ओल्या फडक्यानं नाही, कोरड्याच फडक्यानं पुसा, आणि हाताचा तळवा सगळीकडं फिरवा. तळव्याला जे लागतं ते महिन्याभरात डोळ्याला दिसतं.

जमीन आता चौदा-पंधरा मिलिमीटर वर आली. दार घासेल. नक्षीचं जुनं दार खालून कापायला जीव होत नाही, म्हणून आम्ही दार फिरतं तेवढ्या भागाच्या आधीच प्लाय थांबवला आणि कडेला सागाची उतरती पट्टी मारली. जिन्याच्या झडपेचंही बघा: ती पूर्ण उघडून जमिनीवर टेकत असेल तर आता टेकणार नाही, अर्धवट उभी राहील आणि कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. तिच्याखालची जागा मोकळी सोडा. आणि जिन्याची शेवटची पायरी आता बाकीच्यांपेक्षा उंच झाली आहे. अर्धा इंच फार वाटत नाही, पण अंधारात पाय नेमका तिथंच अडखळतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्या कडेला रंगाची पट्टी मारा.

सामान परत लावताना लोखंडी कपाट भिंतीलगत ठेवा, त्याची लांबी कड्यांना आडवी येईल असं, म्हणजे भार तीन-चार कड्यांत वाटला जातो. खोलीच्या मध्यावर फक्त बाज, खुर्ची, माणसं. आणि ज्वारीची पोती वर चढवायची सवय असेल तर ती मोडा. एक पोतं शंभर किलोचं, चार पोती एका कोपऱ्यात रचली की सगळ्या प्लायच्या चौपट वजन एका कडीवर बसतं. आमची कोठी आता खाली सोप्यात आहे, काकूंच्या चटणीच्या परातीशेजारी.